यंत्र, लिपी आणि उच्चार : जुन्या ग्रामोफोनच्या संग्राहकाविषयी

जुनी ध्वनियंत्रे जमविणाऱ्या हौशी माणसास त्याच्या घरची मंडळी जो प्रश्न हमखास विचारतात, तोच या लेखाचा विषय आहे. घरात एक चालता ग्रामोफोन असताना दुसरा कशासाठी? दुसऱ्याचे समर्थन कसेबसे करता येते. सातव्याचे व बाराव्याचे करताना संग्राहक स्वतःच अडखळतो, आणि तरीही तेरावे यंत्र घरात येते. हा प्रश्न करमणुकीचा वाटतो, आणि बहुधा त्यामुळेच त्याची उत्तरेही उडत्या स्वरूपाची दिली जातात. हव्यास, गतकाळाची ओढ, बैठकीच्या खोलीतील प्रतिष्ठा ही त्यांपैकी नित्याची. ही उत्तरे खोटी आहेत असे माझे म्हणणे नाही. पण टपालाची तिकिटे, अडकित्ते, अत्तरदाण्या यांच्या संग्रहांनाही ती तितकीच लागू पडतात. ग्रामोफोनविषयी ती काहीही सांगत नाहीत. बोलणाऱ्या यंत्राचा संग्रह मुक्या वस्तूंच्या संग्रहाहून काही वेगळा असतो काय, हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरे व्हावयाचे नाही. हे काम भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घेण्यात अप्रस्तुत असे काही नाही, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

संग्रहवृत्तीचे जे विवेचन पाश्चात्त्य लेखकांनी केले आहे त्यातील तीन मते येथे विचारात घेऊ. वाल्टर बेन्यामिन याने आपला ग्रंथसंग्रह खोक्यांतून बाहेर काढण्याच्या निमित्ताने १९३१ मध्ये लिहिलेल्या निबंधात संग्राहकाचे वस्तूशी असलेले नाते उपयोगाच्या पलीकडचे मानले आहे. संग्राहक आपली पुस्तके वाचीत नाही यात त्याला वावगे दिसत नाही; प्रत कोठे मिळाली, कोणाच्या हातून आली, हा तिचा इतिहासच त्याच्या लेखी तिचे मोल ठरवितो. झाँ बोद्रियार याने वस्तूंच्या व्यवस्थेवरील आपल्या १९६८ च्या ग्रंथात हाच विचार टोकास नेला. वस्तू एक तर वापरली जाते वा बाळगली जाते. बाळगली गेली की तिचे कार्य गळून पडते, ती एका मालिकेतील पद होते, आणि या मालिकेचे अखेरचे पद म्हणजे संग्राहक स्वतः. मालिका पुरी होणे हे त्याच्या दृष्टीने एक प्रकारचे मरणच. म्हणून तीत एक वस्तू सदैव उणी असावी लागते. तिसरे मत व्हर्नर म्यून्स्टरबर्गर या मनोविश्लेषकाचे. संग्रहाच्या अनावर ओढीवर लिहिलेल्या त्याच्या १९९४ च्या पुस्तकात तिचे मूळ बालपणीच्या असुरक्षिततेत आणि त्या वयात छातीशी धरलेल्या खेळण्यांत शोधले आहे.

तिघांपैकी बोद्रियारचा विचार सर्वांत नेटका, आणि म्हणूनच ग्रामोफोनच्या बाबतीत तो कोठे अडतो हे पाहणे उपयुक्त ठरते. ग्रामोफोनचा संग्राहक आपले यंत्र वापरातून काढून घेत नाही. तो त्याला चावी देतो. मोटार उघडून स्प्रिंगच्या डब्यातील वाळून दगड झालेले ग्रीस काढतो, नवे भरतो, गव्हर्नरच्या पात्या तपासतो, साउंडबॉक्सच्या कडेचे कडक झालेले रबर बदलतो. न वाचलेल्या पुस्तकांचा संग्राहक अभिमान बाळगू शकतो. न वाजणारे यंत्र दाखविताना ग्रामोफोनवाला ओशाळतो आणि ‘अजून हात लावलेला नाही’ अशी पुस्ती जोडतो. म्हणजे येथे वस्तूचे कार्य गळून पडलेले नाही. ते शाबूत आहे, इतकेच नव्हे तर तो ते प्राणपणाने शाबूत ठेवू पाहतो. मग एकच कार्य बारा वेळा कशासाठी, हे कोडे बोद्रियारच्या विभागणीने सुटत नाही, कारण ती विभागणी एकेका वस्तूच्या दोन अवस्थांची आहे आणि हा मनुष्य दोन्ही अवस्थांत एकाच वेळी वावरतो.

यावर संग्राहकाचे स्वतःचे उत्तर ठरलेले असते. ‘प्रत्येकाचा आवाज निराळा.’ समीक्षक ही सबब समजून बाजूस सारतात. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला असे करता येत नाही. माहितगाराने आपल्या बोलीविषयी दिलेले स्पष्टीकरण पुष्कळदा चुकीचे असते, तथापि ते काहीतरी खरे ऐकूनच दिलेले असते. काय ऐकून, हे शोधणे अभ्यासकाचे काम.

थिओडोर आडोर्नो याने १९३४ मधील एका छोट्या निबंधात ग्रामोफोनच्या तबकडीकडे लिपी म्हणून पाहिले. कल्पना मोलाची आहे, परंतु तिचा विस्तार करताना एक गोष्ट निसटते. ही लिपी मानवी डोळ्याने वाचता येत नाही. तिचा वाचक यंत्र असतो. आणि लिपी एक नसून अनेक आहेत. एडिसनने १८७७ मध्ये कथलाच्या पत्र्यावर आणि पुढे मेणाच्या नळकांड्यावर जो चर कोरला तो उभ्या हालचालीचा : आवाजाप्रमाणे चराची खोली कमीअधिक होते. एमिल बर्लिनरने १८८७ च्या सुमारास तबकडीवर जो चर आणला तो आडव्या हालचालीचा : खोली तीच राहून चर डावीउजवीकडे नागमोडी जातो. एका पद्धतीचा साउंडबॉक्स दुसऱ्या पद्धतीचा चर वाचू शकत नाही. जबरदस्तीने वाचावयास लावल्यास खरखरीखेरीज फारसे काही निघत नाही व तबकडीचे नुकसान होते ते निराळेच. नळकांड्यांतही पुन्हा भेद. दोन मिनिटांच्या नळकांड्यावर इंचास १०० चर, तर १९०८ मध्ये एडिसनने काढलेल्या चार मिनिटांच्या नळकांड्यावर २००. दोहोंस निरनिराळे दाते व निरनिराळी टोके लागतात. फ्रान्समधील पाते कंपनीच्या तबकड्या उभ्या चराच्या, नीलमण्याच्या गोलसर टोकाने वाचावयाच्या, आणि आरंभीच्या काळात आतून बाहेर वाजणाऱ्या. त्यांची गतीही मिनिटास ९० फेऱ्यांच्या आसपास वा त्याहून अधिक. एडिसनने १९१२ मध्ये तबकडी काढली तीही उभ्या चराचीच, पाव इंच जाडीची, ८० फेऱ्यांची, हिऱ्याच्या टोकाने वाचली जाणारी. तिच्या यंत्रात सुईस चर ओढून नेत नाही. मळसूत्राच्या दांड्याने संबंध कर्णाच पुढे सरकविला जातो. थोडक्यात, ब्राह्मी व खरोष्ठी या एकाच काळी चालत असून एकीच्या वाचकास दुसरी वाचता येऊ नये, तसा हा प्रकार होता.

तेव्हा केवळ साक्षरतेसाठी म्हणून संग्राहकास किती यंत्रे लागतात, याचा हिशेब करता येतो. एक नळकांड्यांचे, एक आडव्या चराच्या तबकड्यांचे, एक पातेचे, एक एडिसनच्या जाड तबकड्यांचे. चार झाली. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले व त्या तबकड्यांसाठी यंत्राची घडणच बदलली, म्हणून पाचवे. येथे हिशेब संपतो. पाचापुढील प्रत्येक यंत्रास निराळे कारण द्यावे लागते, आणि खरी चर्चा तेथून सुरू होते.

त्याआधी गतीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. आपण जिला ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ म्हणतो ती पुष्कळदा अठ्ठ्याहत्तरची नसते. पहिल्या दोन-अडीच दशकांत ध्वनिमुद्रणाची गती साधारणतः ७० पासून ८० च्या थोड्या पुढपर्यंत कोठेही असे. प्रमाण ठरले ते विजेची मोटार आल्यावर, आणि तेही एक नाही : तेथील विजेच्या आवर्तनांमुळे अमेरिकेत ७८.२६ व इंग्लंडात ७७.९२. चराच्या आकृतीत ही गती कोठेही लिहिलेली नसते. ती वाचकाने पदरची घालावयाची असते. मोडी लिपीत इ-ई व उ-ऊ यांचा ऱ्हस्वदीर्घभेद सामान्यतः दाखविला जात नाही आणि वाचणारा तो आपल्या भाषाज्ञानाने पुरवितो, हे आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. तबकडीचा चर या अर्थाने मोडीसारखा आहे. येथे पुरवावयाची गोष्ट मात्र फार मोठी. ७८ ऐवजी ७४ फेऱ्यांनी तबकडी फिरविली की काळी पाचमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी सहापर्यंत उतरतो. केवळ पट्टी उतरते असेही नव्हे. स्वरांच्या घडणीत ज्यांस आपण फॉर्मंट म्हणतो ती कंपनस्थानेही सर्वच्या सर्व शेकडा पाचांनी खाली येतात, म्हणजे गायकाचा जणू गळाच बदलतो. अब्दुल करीम खाँ यांची १९०५ च्या सुमाराची मुद्रणे आणि तीस वर्षांनंतरची मुद्रणे शेजारी ठेवून त्यांच्या आवाजातील स्थित्यंतरावर जे लिहू इच्छितात त्यांनी पहिल्या मुद्रणांची गती कोणती धरली हे आधी सांगितले पाहिजे. अर्थात गती कमीअधिक करण्याची कळ प्रत्येक यंत्रास असते, त्यामुळे या मुद्द्यावर अधिक यंत्रांचे समर्थन होत नाही. पण यंत्र हा केवळ वाहक नसून वाचक आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

आता सहाव्या यंत्राकडे वळू. समजा, संग्राहकाकडे आडव्या चराची तीन यंत्रे आहेत : अभ्रकाच्या पडद्याचे व बाहेर कर्णा असलेले १९१० च्या आसपासचे, अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने १९२५ मध्ये काढलेले ऑर्थोफोनिक जातीचे मोठे कपाट, आणि हिज मास्टर्स व्हॉइसचे १०२ क्रमांकाचे पेटीसारखे उचलून नेण्याचे यंत्र. तिन्हींवर एकच तबकडी लावावी. हा प्रयोग कोणासही करून पाहता येईल, व तो करताना ‘कोणते चांगले’ हा प्रश्न तूर्त मनात आणू नये. कोणते वर्ण कोठे ऐकू येतात, एवढेच टिपावे.

विजेपूर्वीच्या मुद्रणात, म्हणजे गायकाने भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाण्याच्या काळात, तबकडीवर उतरणारी कंपने वरच्या बाजूस सेकंदास सुमारे २००० ते २५०० पर्यंतच जात; १९२५ नंतर ती मर्यादा सुमारे ५००० पर्यंत गेली. हे आकडे गायनाच्या दृष्टीने पुष्कळांनी सांगितले आहेत. मराठीच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय होतो, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. आपल्या भाषेत च, ज, झ यांचे दंत्य व तालव्य असे दोन उच्चार असून देवनागरी त्यांत भेद करीत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील पहिला ज तालव्य व दुसरा दंत्य. लिहिताना दोन्ही सारखेच. या दोहोंतील फरक मुख्यतः घर्षणाच्या ध्वनीत असतो, आणि त्या घर्षणाचा जोर, विशेषतः दंत्याचा, ४००० कंपनांच्या वर असतो. म्हणजे विजेपूर्वीच्या तबकडीत लिपीने जो भेद सोडला होता तो चरानेही सोडला. राहतो तो पुढील स्वराच्या आरंभीचा किंचित झोक, आणि श्रोत्याचे मराठी. बालगंधर्वांची जुनी नाट्यपदे ऐकताना आपणास प्रत्येक च स्वच्छ ऐकू येतो असे जे वाटते, त्यात तबकडीचा वाटा थोडा व आपला अधिक असतो. मराठी न येणाऱ्या श्रोत्याकडून असे शब्द लिहवून घेतल्यास हे तपासता येईल. कोणा विद्यार्थ्याने हा विषय प्रबंधिकेसाठी घ्यावयास हरकत नाही.

आता १९३० नंतरची तबकडी घेऊ. तिच्या चरात हा भेद बऱ्याच अंशी उतरलेला असतो. ती अभ्रकाच्या पडद्याच्या जुन्या यंत्रावर लावली तर यंत्र तो पुन्हा पुसून टाकते. तेच ऑर्थोफोनिक कपाटावर तो ऐकू येतो. कारण तेथे पडदा अॅल्युमिनियमचा आहे, आणि सुईपासून कर्ण्याच्या मुखापर्यंतचा सारा मार्ग बेल प्रयोगशाळेतील मॅक्सफील्ड व हॅरिसन यांनी विद्युत्‌मंडलाच्या गणिताने आखलेला आहे. टेलिफोनच्या तारेत शक्ती वाया न जाता पुढे कशी जावी याचे जे सूत्र त्यांस ठाऊक होते, तेच त्यांनी टोन-आर्म व कर्णा यांस लावले. १०२ क्रमांकाच्या पेटीत पडदा नव्या जातीचा आणि कर्णा मात्र आखूड. म्हणून तिच्यात व्यंजने ठसठशीत व खालचे सूर दुबळे. सूर आणि शब्द यांपैकी कोणास झुकते माप द्यावे, याविषयी प्रत्येक यंत्राचा जणू एक ठरलेला कल असतो. ‘प्रत्येकाचा आवाज निराळा’ या भाबड्या वाटणाऱ्या वाक्याचा हा मथितार्थ होय. यंत्राच्या त्या आवाजास उच्चार म्हणावे, आणि एकाच लिपीच्या त्या निरनिराळ्या उच्चारांस बोली म्हणावे, असे मी सुचवितो.

ही परिभाषा स्वीकारली की घरच्या मंडळींचा प्रश्न निराळा दिसू लागतो. मराठी बोलणारा एक मनुष्य भेटला असता दुसरा कशाला, असे बोलीचा अभ्यासक विचारीत नाही. एका माहितगाराच्या आधारे बोलीचे वर्णन लिहिणे किती धोक्याचे, हे क्षेत्रकार्याच्या पहिल्या धड्यातच सांगितले जाते. तसे केले तर हाती येते ती व्यक्तिबोली. संग्राहकाचे तिसरे १०२, तेच क्रमांक, तोच काळा रंग, हा या दृष्टीने त्याच गावचा आणखी एक माहितगार आहे. शिवाय प्रत्येक यंत्रात पुन्हा सुईचा भेद. जाड पोलादी सुई मोठ्याने बोलते, बारीक सुई हळू. बांबूची कापून टोक काढलेली सुई व निवडुंगाच्या काट्याची सुई खरखर कमी करतात आणि तिच्याबरोबर घर्षकांचाही थोडा बळी देतात. पोलादी सुई दर बाजूस नवी घालावयाची असते, कारण तबकडीच्या लाखेत मिसळलेली कठीण पूड तिचे टोक झिजवून चराच्या मापाचे करते. (ही लाख बहुतांशी आपल्याकडची. छोटा नागपुराच्या पळस, बोर व कुसुम या झाडांवरील किड्यांनी जगभरच्या गायकांस जी जागा करून दिली तिची दखल संगीताच्या इतिहासात क्वचितच घेतलेली आढळते.)

तथापि ही उपमा ताणू नये. दोन १०२ यंत्रांतील भेद प्रत्येक वेळी बोलीभेद नसतो. पुष्कळदा तो रोग असतो. साउंडबॉक्समधील रबर वाळले की पडदा आवळला जातो व मोठ्या स्वरावर फुटकी थरथर निघते. काही नामांकित साउंडबॉक्सांचे कवच जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असून अनेक दशकांनंतर ते फुगते, तडकते आणि हातात भुगा होतो. त्यास औषध नाही. अशा भेदास ‘या यंत्राचे व्यक्तित्व’ म्हणून कुरवाळणारे संग्राहक आहेत. त्यांचा कान मला विश्वसनीय वाटत नाही. म्हाताऱ्या माहितगाराचे दात पडल्यामुळे दंत्य वर्ण बदलले असता त्यास बोलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदविण्यासारखे ते आहे. जो रबर बदलतो, स्प्रिंग नवी घालतो आणि मगच ऐकतो, तोच यंत्रास त्याच्या बोलीत परत आणतो. याच कामासाठी त्यास आणखी यंत्रे लागतात. कारखाने बंद होऊन दशके लोटली. १०२ क्रमांकाचे यंत्र १९३१ मध्ये निघाले आणि १९५० नंतरच्या दशकातही तयार होत होते, म्हणून त्याचे सुटे भाग अजून मिळतात, इतरांचे मिळत नाहीत. दोन मोडक्यांतून एक धड करता येते. दोनांचे एक झाले की उरलेला सांगाडा टाकवत नाही. त्यातील एखादा दाता पुढे उपयोगी पडेल. संग्रहातील फुगवट्याचा मोठा भाग या साध्या गोष्टीने समजतो, आणि मनोविश्लेषकांनी तिकडे ढुंकूनही पाहू नये याचे मला नवल वाटते. बहुधा त्यांनी कधी स्क्रू फिरविला नसावा.

एवढे सांगूनही काही यंत्रे शिल्लक राहतात, आणि त्यांच्या बाबतीत बोद्रियारच बरोबर आहे हे मान्य केले पाहिजे. व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये कर्णा कपाटाच्या आत दडविला व त्या यंत्रास व्हिक्ट्रोला असे नाव दिले. उद्देश ध्वनीचा नव्हता; दिवाणखान्यात पितळी कर्णा शोभत नाही अशी त्या काळच्या सुखवस्तू गृहिणींची तक्रार होती. आज नेमके उलट झाले असून बाहेर कर्णा असलेल्या यंत्रास अधिक किंमत येते, वस्तुतः ऐकावयास १९२५ नंतरची कपाटे सरस असली तरीही. येथे डोळा कानावर मात करतो. एकाच मालिकेतील ओक, महोगनी व अक्रोड अशा तीन लाकडांची तीन यंत्रे बाळगणाऱ्यास उच्चारभेदाचा आधार घेता येणार नाही. त्याची मालिका लाकडाची आहे.

चित्राची मोहिनी या व्यवहारात किती जुनी आहे याचा एक दाखला येथे देण्याजोगा आहे. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र आपल्याकडे ‘कुत्रा छाप’ म्हणून घरोघर पोहोचले ते फ्रान्सिस बॅरॉड याने मुळात एडिसन पद्धतीच्या नळकांड्याच्या यंत्रासह रंगविले होते. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये ते विकत घेताना यंत्र बदलण्याची अट घातली, आणि चित्रकाराने जुन्या यंत्रावर नवे यंत्र रंगविले. मूळ चित्रात रंगाच्या थराखाली पहिल्या यंत्राची आकृती अद्याप ओळखू येते असे सांगतात. जुन्या पोथीचे पान खरवडून त्यावर दुसरा मजकूर लिहावा तसे हे झाले. कुत्रा तोच राहिला. तो ज्या वाचकाचे ऐकत होता तो बदलला.

आपल्याकडे या हौशीने जे वळण घेतले ते पाश्चात्त्यांहून थोडे भिन्न आहे, आणि ते संस्थांच्या नावांतही उमटले आहे. लंडनमध्ये १९१९ मध्ये स्थापन झालेल्या जुन्या मंडळाचे नाव सिटी ऑफ लंडन फोनोग्राफ अँड ग्रामोफोन सोसायटी. नावात दोन्ही यंत्रे आहेत, आणि तीही भेदाने, कारण इंग्लंडात फोनोग्राफ म्हणजे नळकांड्याचे व ग्रामोफोन म्हणजे तबकडीचे. (अमेरिकेत फोनोग्राफ हा शब्द दोहोंस चालला; मराठी बोलण्यात चावीच्या तबकडीयंत्रासही ‘फोनो’च म्हणत.) मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या मंडळाचे नाव सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, नावात तबकडी आहे, यंत्र नाही. आपला संग्राहक मुख्यतः गायकाचा आहे. गाणे हाती आले की त्याचे काम झाले, यंत्र कोणतेही चालेल. भारतात कोलकात्याच्या सियालदह येथे १९०८ पासून तबकड्या निघू लागल्या आणि १९६० नंतरच्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघतच होत्या. इतकी दीर्घ परंपरा असूनही यंत्राचा स्वतंत्र विचार येथे फारसा झाला नाही.

त्याची किंमत आपण देत आहो. मुंबईच्या व दिल्लीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत चकाकत्या पितळी कर्ण्याचे, कुत्र्याचे चित्र डकविलेले जे ‘प्राचीन’ ग्रामोफोन मिळतात, त्यांतील बहुतेक नव्याने जुळविलेले असतात. पेटी नवी, कर्णा नवा. मोटार व साउंडबॉक्स मात्र एखाद्या खऱ्या उचलत्या यंत्रातून काढलेले. पाश्चात्त्य संग्राहकांनी या मालास एक ग्राम्य नाव दिले आहे. ते येथे देण्याचे कारण नाही. फसवणूक हा यातील लहान दोष. मोठा दोष असा की एक शोभेची वस्तू उभी करण्यासाठी एक चालते यंत्र मोडले जाते. ज्या पेटीवर तालुक्याच्या गावी १९४० च्या दशकात नाट्यपदे ऐकली गेली असतील तिचे पोट फाडून तिला हॉटेलच्या दारात उभे करावयाचे, असा हा उद्योग आहे. आणि तो कर्णा इतका चुकीच्या आकाराचा असतो की त्यातून निघणारा आवाज कोणत्याच काळातील श्रोत्याने ऐकलेला नसतो. बोलीच्या दृष्टीने ती खोटी बोली आहे. चित्रपटांतून व जाहिरातींतून तीच आता लोकांच्या कानांत ‘जुना ग्रामोफोन’ म्हणून रूढ झाली आहे.

यावर असा आक्षेप येईल की तबकड्या आता संगणकावर उतरविल्या जात असता या यंत्रांची गरज काय? विद्युत्-सुईने, योग्य जाडीचे टोक निवडून, गती बारकाईने जुळवून चरातून जेवढे काढता येते तेवढे कोणताही साउंडबॉक्स काढू शकत नाही, हे निर्विवाद आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१० व १९२० च्या दशकांत भारतीय भाषा व बोलींची जी ग्रामोफोन-मुद्रणे झाली, उधळ्या पुत्राची गोष्ट ज्यांत बोलीबोलीतून सांगविली आहे, ती आज आपणास ऐकावयास मिळतात ती अशाच रूपांतरामुळे. त्या मुद्रणांचा उपयोग करणाऱ्याने विद्युत्-सुईचाच पाठ घ्यावा. मूळ चराच्या तो सर्वांत निकट आहे. परंतु प्रश्न श्रवणाच्या इतिहासाचा असेल, म्हणजे १९१५ मध्ये साताऱ्याच्या वा बेळगावच्या श्रोत्याने एखादे पद कसे ऐकले, त्याने त्यातील कोणते शब्द चुकीचे उचलले, तबकडीवरून पद शिकणाऱ्या मुलाच्या उच्चारात काय उतरले, असा असेल, तर स्वच्छ केलेला पाठ उपयोगी नाही. त्या श्रोत्यापुढे चर नव्हता. अभ्रकाच्या पडद्याने केलेला त्याचा उच्चार होता. त्याचा साक्षीदार ते यंत्रच, आणि तेही दुरुस्त, आपल्या मूळ साउंडबॉक्ससह व त्या काळच्या जातीच्या सुईसह. असे साक्षीदार सध्या ज्यांच्या घरी सांभाळले जात आहेत ते बहुतेक विद्यापीठांबाहेरचे लोक आहेत, आणि त्यांच्या बाराव्या यंत्रास आपण हसतो.

आपल्या विभागाच्या ध्वनिसंग्रहात जुन्या तबकडीवरून घेतलेल्या प्रत्येक मुद्रणाच्या नोंदीत गायक, पद, तबकडीचा क्रमांक ही माहिती असते. तीत आणखी चार रकाने असावेत : यंत्र कोणते, साउंडबॉक्स वा विद्युत्-सुई कोणती, टोक कशाचे, आणि गती किती धरली व कशाच्या आधारे. मोडी कागदाचे लिप्यंतर करणारा आपण पुरविलेले ऱ्हस्वदीर्घ वेगळे दाखवीत नाही, कारण मराठी जाणणाऱ्या कोणासही ते ताडून पाहता येतात. गती आणि पडदा यांच्या बाबतीत ती सोय नाही; नोंद करणाऱ्याने काय पदरचे घातले हे त्याच्याखेरीज कोणास कळावयाचे नाही. चौथा रकाना पुष्कळदा रिकामा राहील, आणि तो रिकामाच ठेवावा.